साप पाळावा तर कोणता?

अलीकडे बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला लागलेली मुलंसुद्धा विचारतात, "सर, साप पाळायचाय. बिनविषारी, अंगानं बऱ्यापैकी मोठा आणि रंगीत. कोणता घ्यावा?" ऐकणाऱ्याला हसू येईल, पण प्रश्न नवा नाही. आपल्याकडे ही निवड गारुड्यानं फार पूर्वीच केली होती.

त्याच्या टोपलीत दरारा दाखवायला नाग, आकार दाखवायला अजगर आणि नवल दाखवायला मांडूळ असे. त्यातला नाग विषारी खरा. पण दात उपटले की तोही 'पाळीव' ठरे! अशा नागाच्या तोंडाला जखमा होत, त्या चिघळत आणि थोड्याच दिवसांत तो मरे. नागपंचमीला तो दूध पिई, तेही तहानेनं कासावीस झालेला असे म्हणून. मांडुळाची गोष्ट तर अजून संपलेली नाही. त्याचं शेपूट बोथट, डोक्यासारखं दिसणारं. गारुड्यानं त्याला दुतोंड्या ठरवलं, आणि त्या थापेवर पुढं गुप्तधनाचे इमले चढले. आजही पुणे-सोलापूरकडं मांडूळ विकताना माणसं पकडली जातात. बिचारं मांडूळ मात्र भुसभुशीत मातीत उंदीर शोधणारं निरुपद्रवी जनावर.

पण आपल्या भागाचा खरा साप धामण. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळाला पाणी मिळालं, ऊस आला, 1930 नंतर वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला. ऊस आला तिथं उंदीर-घुशी आल्याच, आणि त्यांच्या मागोमाग धामण. सहा-सात फूट लांब, पिवळसर, तपकिरी, कधी काळपट. बिळात शिरून उंदीर धरते. तिला कुणी पगार दिला नाही. उलट गाईच्या पायांना वेढा घालून दूध पिते, असा आळ मात्र घेतला. सापाच्या तोंडाला चोखताच येत नाही, हे तेव्हा कोण सांगणार? दोन धामणी उभ्या राहून एकमेकींना वेढे घालतात ती जोडी नव्हे. ती बहुधा दोन नरांची झुंज असते. तिच्या कातड्याचे पट्टे आणि पाकिटं होऊन परदेशी गेली. सत्तरच्या दशकात ती निर्यात बंद झाली, तोवर किती गेल्या असतील!

रंगच पाहायचा, तर तस्कर पाहावा. मानेजवळ रेखीव नक्षी, मागं दोन गडद पट्टे. तोही बिनविषारी, तोही उंदीरखाऊ. पण धामण काय, तस्कर काय, घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. मग कुणी परदेशी साप सुचवतं. अमेरिकेतला कॉर्न स्नेक तांबूस-केशरी, चार-पाच फूट. तोही तिकडं कोठारांभोवती उंदीर धरणारा. त्यांची धामणच म्हणा ना. आफ्रिकेतला बॉल पायथन अंगानं जाड, स्वभावानं शांत. त्याच्यासारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांची नोंदणी 2022 ची कायदादुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनुसार सरकारकडे करावी लागते. शिवाय असा साप वीस-वीस वर्षं जगतो. तेवढी वर्षं त्याला उंदीर कोण पुरवणार? नोकरी बदलली, बदली झाली, मग त्याला ओढ्याला सोडणार काय?

साप जवळून पाहण्याची हौस असेल, तर नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं 1986 साली कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं, तिथं मुलांची सहल न्यावी. शिक्षक बंधु-भगिनींनी हे मनावर घ्यावं. आणि कारखान्याच्या शेडमध्ये किंवा उसाच्या फडात साप दिसला, तर काठी न उचलता लांब उभं राहून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. तोडणीच्या दिवसांत तर फोन हाताशीच ठेवावा. शेवटचे चार सरे उरले की आत दबलेली धामण बाहेर पडते, ती नेमकी त्याच वेळी.