सिद्धार्थ गेला, मग यू मुंबानं काय केलं?

उंद्रीवरून बोलतोय, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. लाइट आहे तोवर रेकॉर्ड करून घेतो. आजचा भाग कबड्डीचा आहे, पण मॅचचा नाही. दोन सीझनच्या मधल्या रिकाम्या महिन्यांचा आहे. इतिहास सांगताना आपण फायनलच सांगतो, कप उचलतानाचा फोटो दाखवतो. पण संघ खरा बनतो किंवा मोडतो तो मैदान बंद असताना, लिलावाच्या टेबलावर.

प्रश्न साधा आहे. ज्याच्या जिवावर अर्धे गुण येतात तो माणूस गेला, तर त्याच्या जागी कोण?

आधी थोडं मागं जाऊ. 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा यू मुंबा म्हणजे अनुप कुमार. बोनस लाइनवर शांत उभा राहणारा, घाई न करणारा कॅप्टन. पहिल्या सीझनमध्ये रेडचे 155 गुण त्यानं घेतले, सगळ्यांत जास्त. पहिले तिन्ही सीझन संघ फायनलला होता. 2014 ला जयपूरकडून 35-24 नं हरला, 2015 ला बेंगळुरूला 36-30 नं हरवून जिंकला, 2016 ला पाटण्याकडून 31-28 नं हरला. त्यानंतर घसरण. चौथ्या आणि पाचव्या सीझनला प्लेऑफसुद्धा नाही.

मग 2018 च्या मे महिन्यातला लिलाव. अनुपला जयपूरनं 30 लाखांत घेतलं. मुंबईच्या लोकांना हे लय लागलं असणार, आपल्या गावचा पाटील शेजारच्या गावात राहायला गेल्यासारखं. पण यू मुंबानं त्या लिलावात अनुपसारखा दुसरा अनुप शोधलाच नाही. मोठा पैसा टाकला डिफेन्सवर. इराणचा फझल अत्राचली 1 कोटीला घेतला आणि त्यालाच कॅप्टन केलं. हा गडी आधी 2015 च्या विजेत्या संघातही होता. आणि रेडसाठी 36 लाख 40 हजारांत एक नवा पोरगा उचलला. सिद्धार्थ देसाई, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा.

तो सीझन ज्यांनी मोबाइलवर पाहिलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पहिलीच मॅच पुणेरी पलटणशी, 32-32 बरोबरी, आणि पदार्पणातच सिद्धार्थचा सुपर टेन. उंच, दणकट, डिफेंडर अंगावर असताना त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत यायचा. लोक 'बाहुबली' म्हणायला लागले. 21 मॅचमध्ये रेडचे 218 गुण. म्हणजे दर मॅचला दहाच्या वर.

आणि तरीही एलिमिनेटरमध्ये यूपी योद्धानं 34-29 नं घरी पाठवलं. यूपीकडं तेव्हा नितेश कुमार होता, एका सीझनमध्ये पकडीचे 100 गुण घेणारा पहिला डिफेंडर.

आता इथं जरा थांबू, कारण सगळा मुद्दा इथंच आहे. कबड्डीत रेडर पकडला गेला की तो नुसता एक गुण देत नाही, तो बाहेर बसतो. परत कधी येणार? त्याच्या संघानं समोरचा एखादा गडी मारला, तरच. बोनसच्या गुणावर कुणी जिवंत होत नाही. म्हणजे तुमचा एकच रेडर असेल आणि तो बाकावर असेल, तर त्याला आत आणायचं काम उरलेल्यांवर येतं, ज्यांना ते नीट जमत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. एकच सर्व्हर, आणि तो बसला की सगळं बसलं. म्हणून 218 हा आकडा जितका भारी आहे, तितकाच तो त्या संघाचं दुखणंही दाखवतो.

एप्रिल 2019. सातव्या सीझनचा लिलाव. यू मुंबानं सिद्धार्थला ठेवलं नाही. फझल ठेवला, रेडर अर्जुन देशवाल ठेवला. सिद्धार्थवर बोली चढत गेली आणि तेलुगू टायटन्सनं 1 कोटी 45 लाखांना त्याला नेलं, त्या लिलावातली सगळ्यांत मोठी बोली. एका वर्षात चौपट! हुंदळेवाडीच्या पोराच्या बाजूनं बघितलं तर यात वाईट वाटण्यासारखं काहीच नाही. रेडरचं आयुष्य छोटं असतं. खांदा, गुडघा, घोटा, काहीही कधीही जातं. भाव आहे तोवर तो घ्यायलाच पाहिजे.

पण संघाच्या बाजूनं हिशेब बघा. त्या वर्षी प्रत्येक संघाला खेळाडूंवर 4 कोटी 40 लाखच खर्च करायची मुभा होती. म्हणजे एका माणसावर जवळजवळ तिसरा हिस्सा. राहिलेल्या पैशात अख्खा संघ उभा करायचा. यू मुंबानं तो पैसा वाटला. 89 लाखांत संदीप नरवाल घेतला, जो रेडही करतो आणि पकडही. आणि रेडची मुख्य जबाबदारी दिली अभिषेक सिंह आणि अर्जुन देशवालला. दोघंही आदल्या वर्षी सिद्धार्थच्या सावलीत होते.

निकाल काय लागला? यू मुंबाच्या एकाही रेडरनं दोनशेचा आकडा गाठला नाही. पण संघ एक पायरी वर गेला. एलिमिनेटरमध्ये हरियाणाला 46-38 नं हरवलं आणि सेमीफायनलला बंगालकडून फक्त दोन गुणांनी हरला, 37-35. फझल त्या सीझनचा सगळ्यांत यशस्वी डिफेंडर ठरला, पकडीचे 82 गुण. आणि सिद्धार्थ? त्यानं तेलुगूसाठी रेडचे 217 गुण घेतले. आदल्या वर्षीपेक्षा एकच कमी. माणूस तोच, फॉर्म तोच. तेलुगू टायटन्स बारा संघांत अकरावे.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये 'रिसीव्हर' नावाची जागा असते. सुसाट पळत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. कॅन्सस सिटी चीफ्सनं मार्च 2022 मध्ये टायरीक हिल हा त्यांचा सगळ्यांत वेगवान रिसीव्हर मायामीला दिला. बदल्यात नवे खेळाडू निवडायचे पाच हक्क घेतले. फॅन्स चिडले. संघानं एकाच्या जागी एक आणला नाही, तीन-चार साधे रिसीव्हर मिळून काम भागवलं. फेब्रुवारी 2023 मध्ये सुपर बोल त्यांनीच जिंकला, 38-35.

आता तुम्ही म्हणाल, बावा, मग स्टार विकायचा आणि मोकळं व्हायचं! तसं नाही. यू मुंबाची गोष्ट इथं संपत असती तर मी त्यांना हुशार म्हणून मोकळा झालो असतो. 2020 चा सीझन कोरोनात गेला. 2021 च्या लिलावाआधी पुन्हा तोच पेच पडला, फक्त या वेळी दोन तरुण रेडर होते. संघानं अभिषेक ठेवला, अर्जुन सोडला. जयपूरनं अर्जुनला 96 लाखांत घेतलं.

माझ्या मते सिद्धार्थला सोडण्यापेक्षा हा निर्णय जास्त महागात पडला, आणि त्याच्यावर चर्चा मात्र फार कमी झाली. सिद्धार्थ जाताना सगळ्यांना दिसला. अर्जुन तेव्हा पोस्टरवरचा चेहरा नव्हता. आठव्या सीझनला अर्जुननं रेडचे 267 गुण घेतले, यू मुंबा दहाव्या नंबरवर राहिले. त्याच सीझनमध्ये सिद्धार्थ खांद्याच्या दुखापतीनं बहुतेक मॅच बाहेर होता. म्हणजे 2019 ला जो धोका यू मुंबानं टाळला, तो धोका खराच होता. सिद्धार्थ संपला नाही बरं का, 2023 ला हरियाणानं त्याच्यावर पुन्हा 1 कोटी लावले आणि तो संघ फायनलपर्यंत गेला.

नवव्या सीझनला अर्जुन 296 वर पोचला, लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. फायनल होती 17 डिसेंबर 2022 ला, जयपूर विरुद्ध पुणेरी पलटण. जयपूर 33-29 नं जिंकलं. मैदान कोणतं माहितीये? मुंबईत वरळीचं एनएससीआय. 2014 ला जयपूरनं यू मुंबाला ज्या हॉलमध्ये हरवलं होतं, तेच.

चला, पुढच्या भागात भेटू. तुमच्या गावच्या संघात असा एखादा रेडर दुसऱ्या गावाकडून खेळायला गेला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, नाव न घेता वाजवू.