घरातला बाबा, वॉर्डातला बाबा

सत्तरच्या दशकात पुण्यातल्या एका घरात सकाळी बायको नोकरीवर निघायची आणि नवरा मुलींपाशी थांबायचा. दोघेही बी. जे. मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेले डॉक्टर. सुनंदा, म्हणजे डॉ. अनिता अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. अनिल अवचटांनी स्टेथोस्कोप बाजूला ठेवून लेखणी धरली होती. बिहारच्या दुष्काळावरचं ‘पूर्णिया’ १९६९ साली आलं होतं. एकाच्या पगारात भागवायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, फिरायचं, घर सांभाळायचं, हे दोघांनी मिळून ठरवलेलं. मुक्ता आणि यशोदा या मुलींना त्यांनी महापालिकेच्या शाळेत घातलं. बाप घरी, आई कामावर हे दृश्य तेव्हाच्या पुण्यात नवलाचं होतं. आजही ते फारसं रुळलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या व्यसनमुक्तीचा इतिहास सांगताना या घरापासून सुरुवात करावी लागते. पुढे हजारो अनोळखी माणसं अवचटांना ‘बाबा’ म्हणू लागली. हा शब्द आधी दोन मुलींचा होता.

दारूविरुद्धची लढाई इथे जुनीच. पुण्यात दारूची दुकानं वाढू लागली तेव्हा १८८० साली नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं होतं. गाडगेबाबांनी कीर्तनातून गावोगाव दारूवर कोरडे ओढले. वारकऱ्यांची रीत तर त्याहून जुनी. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू सुटली. ‘तो माळकरी झाला’ एवढ्या तीन शब्दांत एखाद्या बाईच्या संसाराची कहाणी पालटायची. १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा आला, परवाने आले. दुकान बंद करा किंवा माणसाला देवाच्या वाटेला लावा, हे दोन मार्ग आपल्याला ठाऊक होते. पिणारा माणूस आजारी आहे, ही समजूत मात्र फार उशिरा आली. अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यपींनी एकमेकांच्या आधाराने ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ सुरू केली. तिच्या सभा भारतात १९५७ च्या सुमाराला भरू लागल्या. तरी आपल्या बहुतेक घरांत दारुडा म्हणजे वाया गेलेला माणूस, आणि त्याची बायको म्हणजे फुटक्या नशिबाची, एवढाच हिशेब होता.

ऐंशीच्या दशकात गर्द आलं आणि हा हिशेब कोलमडला. गर्द म्हणजे ब्राउन शुगर; तिची पुडी कॉलेजच्या पोरांच्या खिशात पोचली. ‘गर्दुल्ला’ हा शब्द याच काळात मराठीत रुजला. अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा १९८५ चा. अवचटांच्या ओळखीतला एक तरुण या विळख्यात सापडला होता, म्हणून ते या विषयाच्या मागे लागले. त्यांची पद्धत ठरलेली. जायचं, बसायचं, ऐकायचं. ते पोरांशी बोलले, त्यांच्या आईबापांशी बोलले. गर्द मिळालं नाही की काय होतं, ते पोरांच्या तोंडून त्यांना कळलं. त्या अवस्थेला पोरं ‘टर्की’ म्हणतात. नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, पोटात पिळे पडतात, हाडं ठणकतात, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही.

टर्की औषधांनी निभावते. काही दिवसांत अंगातलं विष उतरतं. हे काम कुठलाही जाणता डॉक्टर करू शकतो. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. पोरगा घरी जातो, आई ओवाळून घेते, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथा होतात, आणि चार दिवसांनी पुडी पुन्हा खिशात. त्या चार दिवसांनंतरच्या आयुष्याचं काय, याचं उत्तर औषधाच्या बाटलीत नव्हतं.

अवचटांनी गर्दवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हलून गेले. व्यसनमुक्ती केंद्र काढा म्हणून त्यांनी एक लाख रुपये दिले. त्या काळी ती रक्कम मोठी होती. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सुनंदाबाईंनी उचललेली जबाबदारी. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. स्वतःची इमारत पुढे झाली, तीही येरवड्यातच.

मुक्तांगणचं श्रेय अनेकदा एकट्या अवचटांच्या नावावर लिहिलं जातं. ते बरोबर नाही. रोजचा वॉर्ड, शिस्त, उपचारांची घडी, रडणाऱ्या बायका आणि खोटं बोलणारे नवरे हे सगळं सुनंदाबाईंनी पेललं. मारहाणीला तिथे जागा नव्हती. मुक्काम पस्तीस दिवसांचा. आधी शरीर सावरायचं, मग समुपदेशन, गटचर्चा, योग, संगीत. झाडलोटीपासूनची कामं आपली आपण करायची. व्यसन हा मधुमेहासारखा आजार आहे, पुरता बरा होत नाही पण ताब्यात राहतो, हे रोज सांगायचं. ‘फक्त आजचा दिवस’ प्यायचं नाही, उद्याचं उद्या. आणि जो पुन्हा घसरला त्याला दार बंद करायचं नाही. बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला, कारण नवरा पितो तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस आजारी पडतं, हे सुनंदाबाईंनी ओळखलं होतं.

मग बाबांनी काय केलं? घरी मुलींबरोबर जे केलं तेच. कागद दुमडून पक्षी करायचे, लाकूड कोरायचं, चित्रं काढायची, बासरी वाजवायची आणि गोष्टी सांगायच्या.

हे वरवर करमणुकीसारखं दिसतं. पण दारू सुटल्यावर पहिले काही दिवस माणसाचे हात थरथरतात. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो, तरी बशीत सांडतो. अशा हातांना ओरिगामीच्या कागदाची एक कड दुसऱ्या कडेवर नेमकी बसवणं, नखाने घडी दाबणं म्हणजे परीक्षाच. घडी चुकते, कागद उलगडून पुन्हा घालावी लागते. आणि शेवटी तळहातावर एक पक्षी बसलेला असतो. कित्येक वर्षांत या हातांनी मोडण्याशिवाय काही केलेलं नसतं. घरी मुलीच्या हातात देता येईल अशी वस्तू त्यांनी घडवलेली असते. बापपण हरवलेल्या माणसाला ते परत मिळवून देण्याची याहून साधी युक्ती कुणी शोधली असेल असं वाटत नाही.

इथले पुष्कळसे कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले आहेत. समोरच्याची थाप त्यांना लगेच कळते, कारण तीच थाप त्यांनीही कधीकाळी मारलेली असते. व्यसन सुटल्याचं वर्ष पुरं झालं की इथे वाढदिवस होतो. बायको-मुलं सोबत येतात. ज्या मुलाने बापाला फक्त तर्र झालेलं पाहिलं, तो त्या दिवशी बापाला चारचौघांत ताठ उभं राहून बोलताना ऐकतो.

सुनंदाबाईंना कर्करोगाने गाठलं. आजारपणातही त्या काम करत राहिल्या आणि १९९७ साली गेल्या. त्यांच्या नावाने ‘संघर्ष सन्मान’ पुरस्कार दिले जातात. मुक्तांगण त्यांच्याबरोबर संपलं असतं तर कुणी दोष दिला नसता. पण मानसशास्त्र शिकून आईच्या हाताखाली तयार झालेली मुक्ता, आताच्या मुक्ता पुणतांबेकर, पुढे झाली. अवचटांनी खुर्ची अडवली नाही. ते कागद, लाकूड आणि बासरी घेऊन माणसांत बसत राहिले. मुलीला मोकळं अंगण देणारा बाप आपल्याकडे संस्थांच्या इतिहासात विरळा. वडिलांच्या सावलीत कोमेजलेल्या संस्था आपण ढिगाने पाहिल्या आहेत. मुक्ताताईंच्या काळात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग उभा राहिला. बाईचं व्यसन झाकून ठेवणाऱ्या समाजात ही मोठी गोष्ट होती.

२७ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात अनिल अवचट गेले. वय सत्याहत्तर. पोरके झालेल्यांमध्ये दोन लेकी होत्या, आणि ‘बाबांमुळे माझा बाप मला परत मिळाला’ असं म्हणू शकणारी किती तरी मुलं.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात असा आजार असेल, तर पुढच्या शपथेची वाट पाहू नका. झाकून ठेवू नका, देव पाण्यात घालून बसू नका. त्या माणसाला घेऊन जवळच्या केंद्रात जा. आणि त्याला सोडून परत फिरू नका. तुमच्यासाठीही तिथे एक खुर्ची ठेवलेली असते, तिच्यावर बसा.