मणिराम दिवाणाचे मळे

चहाच्या इतिहासात अग्रपूजेचा मान चीन देशाकडे जातो तो यथायोग्यच आहे. तथापि दूध आणि साखर यांनाही न दबणारा जो कडक चहा आपल्याकडे घरोघरी उकळतो, त्याचे मूळ ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आहे, आणि तो कोणी ‘शोधून काढला’ या प्रश्नाचा निकाल इंग्रजी दप्तराने जितक्या घाईने लावून टाकला, तितका तो सरळ नाही.

१८२३ साली रॉबर्ट ब्रूस नावाचा स्कॉटिश व्यापारी वरच्या आसामात बिसा गाम या सिंगफो नायकाला भेटला आणि तेथील रानात चहाचे झाड उगवते हे त्याला कळले, एवढी हकिगत सर्वमान्य आहे. परंतु ही वर्दी त्याला मणिराम दत्त बरुआ या तरुण आसामी गृहस्थाने दिली, असेही सांगतात. सिंगफोंना मात्र शोध लावण्याचे कारणच नव्हते. कोवळी पाने कढईत परतावी, उन्हात वाळवावी, बांबूच्या नळीत ठासून भरावी आणि ती नळी चुलीवरच्या धुरात ठेवून द्यावी, म्हणजे हवी तेव्हा कापून उकळता येईल अशी घट्ट कांडी तयार होते, ही विद्या त्यांच्या घरात पिढीजात होती.

चीनशी व्यापार करण्याचा ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता १८३३ च्या सनदेने संपुष्टात आल्यावर सरकारला जाग आली, आणि १८३४ मध्ये गव्हर्नर-जनरल बेंटिंकने एक चहासमिती नेमली. तिने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर बी आणि कारागीर आणण्यासाठी आपल्या चिटणिसाला, गॉर्डनला, चीनला रवाना केले! त्याच वर्षाच्या डिसेंबरात हे झाड आसामचेच आहे असा निर्वाळा याच समितीने दिला, तरी चिनी बियांचा मोह सुटला नाही. दार्जिलिंगच्या थंडीत ती पुढे उत्तम रुजली, आसामच्या दमट उष्म्यात मात्र मळेवाल्यांना तिचा पश्चात्तापच झाला. रानातल्या झाडावर भिस्त ठेवली ती रॉबर्टचा भाऊ चार्ल्स ब्रूस याने, आणि त्याच्याच देखरेखीखाली तयार झालेल्या आठ पेट्या १० जानेवारी १८३९ रोजी लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या.

त्याच वर्षी स्थापन झालेल्या आसाम कंपनीने नाझिरा येथे मणिरामाला दरमहा दोनशे रुपयांवर दिवाण नेमले. अहोम राजा पुरंदर सिंह याच्या पदरी कारभार केलेला, जमीन, रयत आणि मजूर यांची खडान्‌खडा माहिती असलेला हा मनुष्य काही वर्षांतच ती चाकरी सोडून जोरहाटजवळ चिनामारा येथे स्वतःचा मळा उभारतो, हे त्या काळी धाडसच होते; कारण १८३८ च्या पडीक जमिनीच्या नियमांप्रमाणे शंभर एकरांहून लहान तुकडा मिळत नसे आणि एकरी तीन रुपयांचे भांडवल दाखवावे लागे, म्हणजे सामान्य आसामी रयतेला कागदावर मज्जाव नसूनही दार बंदच होते. पुढे मॉफट मिल्स हा अधिकारी चौकशीस आला असता मणिरामाने त्याच्यापुढे सविस्तर अर्ज ठेवून जुन्या घराण्यांची झालेली वाताहत, अफूचा प्रसार आणि परप्रांतीयांच्या नेमणुका यांविषयी गाऱ्हाणे मांडले, आणि अहोम गादी पुन्हा स्थापावी अशी मागणी केली. ती अर्थातच फेटाळली गेली. मणिरामाला निष्कलंक देशभक्त ठरविण्याची आपणांस घाई होते. पण अहोम राज्य बुडत असता इंग्रजांशी प्रथम जुळवून घेणारा, त्यांच्या नव्या धंद्यात स्वतःचा लाभ पाहणारा आणि तो मार्गही अडला तेव्हाच त्यांच्यावर उलटलेला हा व्यवहारी पुरुष मला त्या प्रतिमेपेक्षा अधिक खरा वाटतो.

१८५७ चा उठाव झाला तेव्हा तो गादीच्या त्याच मागणीसाठी कलकत्त्यात होता. पुरंदर सिंहाचा नातू कंदर्पेश्वर याला त्याने लिहिलेली उठावाच्या चिथावणीची पत्रे पकडली गेली, आणि २६ फेब्रुवारी १८५८ रोजी जोरहाट येथे पियाली बरुआ या साथीदारासह त्याला फाशी देण्यात आले. त्याचे मळे सरकारने जप्त केले, लिलावात काढले आणि जॉर्ज विल्यमसन या इंग्रज मळेवाल्याने ते विकत घेतले.