वायरीतून आवाज जात नाही : कीबोर्ड, कॉम्प्युटर आणि रिद्धपूरचे धवळे

कीबोर्ड यूएसबीच्या वायरीने कॉम्प्युटरला जोडला की त्या वायरीतून आवाज जातो, असं बऱ्याच जणांना वाटतं. बहुतेक कीबोर्डांत तसं होत नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढीच माहिती पलीकडे पोचते. आवाज कॉम्प्युटर नंतर स्वतः तयार करतो, हवा तर पियानोचा, हवा तर सनईचा. म्हणजे जे जातं ते गाणं नसतं, गाण्याची नोंद असते. या नोंदपद्धतीला मिडी म्हणतात.

माझं संशोधन महानुभावांच्या गेय रचनांवर आहे, मग मधेच हे मिडी कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. कारण सरळ आहे. हल्ली एखादी जुनी चाल 'जतन' करायची म्हटलं की पहिल्यांदा कीबोर्ड निघतो. आपल्याकडे त्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात, कंपनी कुठलीही असो. लग्नाचा ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळ, नागपूरकडची धुमाल, सगळीकडे तो पोचलाय. त्यामुळे या यंत्राला काय लिहिता येतं आणि काय येत नाही, हे माहीत असलेलं बरं.

आधी धवळे. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे गोविंदप्रभूंच्या, म्हणजे गुंडम राउळांच्या, लग्नाचा घाट भक्तांनी घातला आणि त्या वेळी महदंबेने धवळे गायले. धवळे म्हणजे लग्नात वराच्या कौतुकाची गाणी. विषय कृष्ण-रुक्मिणीचं लग्न, आणि रुक्मिणीचं माहेर मानलं जाणारं कौंडण्यपूर याच जिल्ह्यात आहे. म्हणजे गाणारी एक प्रकारे नवरीकडचीच! महदंबेला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात ते या रचनेमुळे. आपण ती 'वाचतो', पण ती झाली गाताना, समोर बसलेल्या माणसांसाठी.

आणि पोथीत आले ते फक्त शब्द. चाल नाही आली.

त्या काळी स्वर लिहायची सोयच नव्हती, असं मात्र समजू नका. त्याच शतकात, त्याच यादवांच्या राज्यात, देवगिरीला शार्ङ्गदेव 'संगीतरत्नाकर' लिहीत होता. त्यात सा-रे-ग-मच्या अक्षरांत स्वररचना लिहून दिलेल्या आहेत. बावीस श्रुती कशा पडताळायच्या यासाठी बावीस-बावीस तारांच्या दोन वीणांचा प्रयोग सांगितलाय. इतकंच काय, प्रबंधांच्या यादीत 'धवल' हा प्रकारही आहे. म्हणजे लिपी होती, गाण्याचं नावही शास्त्राला ठाऊक होतं. पण रिद्धपुरात एका बाईने लग्नात म्हटलेल्या गाण्याचे स्वर कोणी लिहून ठेवले नाहीत. मला यात कुणाचा दुष्टपणा दिसत नाही. चाल सगळ्यांना येतच होती, मग लिहायची कशाला? ज्या गोष्टी सगळ्यांना येतात त्याच आधी हरवतात, हा अनुभव आर्काइव्हमध्ये बसणाऱ्या कुणालाही नवा नाही.

नोंद करणारं यंत्र किंवा लिपी काय पकडायचं ते आधीच ठरवून येते. याची आधुनिक काळातली झटापट आपल्याकडे पेटीवरून झाली. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांच्या प्रयोगांत खुद्द अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा होता. देवल आणि क्लेमेंट्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश यांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. साध्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे असतात आणि गाणारा गळा तेवढ्यात मावत नाही, ही मूळ तक्रार. एकच उदाहरण देते. ५:४ या प्रमाणातला शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर येतो, पेटीचा आणि कीबोर्डचा ४०० वर. १४ सेंटचा फरक. तानपुऱ्यासोबत गाणाऱ्याला तो ऐकू येतो. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने तर पेटीवर बंदीच घातली आणि ती सत्तरच्या दशकापर्यंत चालली. गंमत म्हणजे तेवढी वर्षं लोकांनी घराघरांत, देवळांत आणि रंगभूमीवर पेटीच वाजवली.

आता मिडीकडे या. १९८१ मध्ये रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतले सिंथेसायझर बनवणारे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने एक बोलणं सुरू झालं. प्रत्येक कंपनीचं यंत्र स्वतःच्याच भाषेत बोलतं, तर सगळ्यांची एक भाषा ठरवू या. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका व्यापारी प्रदर्शनात स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका वायरीने जोडून दाखवले. एकावर वाजवलं की दुसरा वाजायचा. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचा माल होता, हे लक्षात घ्या. त्याच वर्षी मिडीचा पहिला मसुदा छापून आला. ऑगस्ट १९८३.

ही भाषा फारच काटकसरी आहे. एक स्वर सुरू करायला तीन बाइट. पहिला सांगतो 'स्वर सुरू, अमुक चॅनलवर', दुसरा पट्टीचा नंबर, तिसरा जोर. नंबर आणि जोर दोन्ही ० ते १२७. पियानोचा मधला सी म्हणजे ६०. सेकंदाला ३१,२५० बिट हा वेग आज हास्यास्पद वाटेल, पण तीन बाइट एका मिलिसेकंदाच्या आत पोचतात. एक मिनिटाचं सीडी दर्जाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग साधारण १० एमबी होतं, त्याच मिनिटाची मिडी फाइल काही केबीत बसते. ऐंशीच्या दशकातल्या कॉम्प्युटरची मेमरी बघता हेच हवं होतं. १९८५ च्या अटारी एसटीला तर मिडीची भोकं कंपनीतूनच होती. यूएसबीतून मिडी नेण्याचं प्रमाण १९९९ मध्ये ठरलं, आणि तेव्हापासून वेगळ्या इंटरफेसची गरज बरीचशी संपली.

आपल्याकडे ही यंत्रं उशिरा आली, असाही एक गैरसमज आहे. मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्येच, म्हणजे मिडीच्या आधी, रोलँडची तीन यंत्रं घेऊन दहा रागांची आख्खी रेकॉर्ड केली होती. ती तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही. पुढे २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले.

पण या काटकसरीत काय गळतं? दोन पट्ट्यांच्या मधली जागा. मींड, घसीट, आवाज किंचित चढवून सोडणं. त्यासाठी मिडीत 'पिच बेंड' आहे, आणि त्याच्या १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे बारकाईची वानवा नाही. अडचण अशी की तो एका चॅनलवरच्या सगळ्या स्वरांना एकदम वाकवतो. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकवण्याची सर्वमान्य सोय २०१८ मध्ये आली आणि २०२० च्या मिडी २.० मध्ये ती भाषेचाच भाग झाली. पियानोच्या घरात जन्मलेल्या लिपीला गळ्याची गरज कळायला ३५ वर्षं लागली, असं म्हणायला हरकत नाही.

लयीचं तर आणखी नाजूक. प्रोग्राममध्ये 'क्वांटाइज' नावाचं बटण असतं. ते दाबलं की मागेपुढे पडलेला प्रत्येक स्वर मात्रेच्या रेघेवर जाऊन बसतो. लग्नगीत म्हणणाऱ्या बाया श्वासाप्रमाणे ओळ लांबवतात, शेवटचं अक्षर ओढतात. ते बटण दाबल्यावर ते सगळं 'चूक' म्हणून दुरुस्त होतं. कृपा करून दाबू नका.

तर तुम्ही रिद्धपूरला किंवा तुमच्या गावात कुणा आजीकडून चाल घेणार असाल, तर माझं म्हणणं ऐका. आधी माइक. आजीला कीबोर्डचा सूर देऊ नका, ठोक्याचा आवाज कानात घालू नका, त्यांच्या पट्टीत त्यांना म्हणू द्या. हा झाला पहिला ट्रॅक, याला हात लावायचा नाही. मग त्याच फाइलमध्ये दुसरा ट्रॅक मिडीचा घ्या. कीबोर्डमागे 'टू होस्ट' लिहिलेलं चौकोनी भोक असेल तर प्रिंटरची वायर चालते. जुन्या कीबोर्डला पाच पिनांची गोल भोकं असतील तर इंटरफेस लागेल, आणि कीबोर्डचं 'आउट' इंटरफेसच्या 'इन'मध्ये जातं (नेमकं इथेच निम्मे लोक अडतात). पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर बफर कमी करा. २५६ सॅम्पलवर विलंब सुमारे ६ मिलिसेकंद राहतो, तो जाणवत नाही. मग आजीचा आवाज ऐकत ऐकत तुम्ही कीबोर्डवर चाल वाजवा. गायनाच्या मागे पेटी, हाच आपला जुना क्रम आहे.

हा दुसरा ट्रॅक टाकाऊ नाही, उलट माझ्या कामात तोच जास्त उपयोगी पडतो. दोन गावांतल्या चाली शेजारी ठेवून बघता येतात, कुठली ओळ कुठे वळते ते दिसतं, पट्टी बदलून तुलना करता येते. फक्त तो तुमचा अर्थ आहे, आजीचं गाणं नाही. उद्या मोबाइलवर फिरेल तो बहुधा हाच, कारण तो 'स्वच्छ' वाटतो, आणि चार वर्षांत गावातल्या मुली तोच म्हणायला लागतील.

यावर रिद्धपूरचीच एक जुनी रीत आहे. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी आठवणी गोळा केल्या त्या माणसामाणसाकडे जाऊन, विचारून, पडताळून. पुढे धाडीत पोथ्या गेल्या आणि लोकांनी स्मरणातून पुन्हा लिहिल्या. तेव्हा जो पाठ ज्याच्या आठवणीतून आला तो त्याच्या नावाने ओळखला गेला. हिराइसा पाठ आजही त्याच नावाने ओळखतात. तेव्हा फाइलला 'धवळे फायनल २' असं नाव देऊ नका. कोणी म्हटलं, माहेर कुठलं, कुणाकडून शिकल्या, हे त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर लिहा. आणि मिडीच्या फाइलवर कीबोर्ड कोणी वाजवला त्याचं नाव वेगळं घाला.