तीस दिवसांची चाळिशी

‘क्वारंटाइन’ या शब्दाच्या पोटात चाळीस हा आकडा आहे. इटालियन ‘क्वारांता’ म्हणजे चाळीस. पण या प्रथेचा इतिहास ज्या कागदापासून सांगतात, त्यात चाळीस नाहीतच.

रागुसाच्या, म्हणजे आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्हनिकच्या, महासभेने २७ जुलै १३७७ रोजी केलेला ठराव ‘लिबेर विरिदिस’ या कायदेवहीत लॅटिनमध्ये नोंदलेला आहे. प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने आधी मर्कान बेटावर किंवा त्साव्तात गावी शुद्धीसाठी एक महिना काढावा. त्याखेरीज शहराच्या हद्दीत येऊ नये. शहरातला कोणी परवानगीवाचून तिकडे गेला, तर त्यानेही तिथेच महिना काढावा. ही भाषा मला वैद्यांपेक्षा व्यापाऱ्यांची वाटते. रागुसाचे पोट व्यापारावर होते, वेस कायमची लावून घेणे परवडणारे नव्हते. म्हणून बंदी न घालता मुदत घातली.

मुदत चाळीस दिवसांवर गेली ती पुढे, आणि शब्द पसरला तो व्हेनिसकडून. इंग्लंडमध्ये चाळीस दिवसांचा वेगळाच हिशेब होता: १२१५ च्या मॅग्ना कार्टानुसार विधवेला पतीच्या निधनानंतर चाळीस दिवस त्याच्या घरात राहता येई. कायद्याच्या भाषेत या हक्कालाही पुढे हेच नाव मिळाले.

या दोन्ही धाग्यांपेक्षा बोलका पुरावा सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीत आहे. तो आरमाराच्या कचेरीतला अधिकारी. २६ नोव्हेंबर १६६३ ची नोंद: ॲमस्टरडॅममध्ये प्लेग वाढतोय, तिथून आणि हॅम्बुर्गहून येणाऱ्या जहाजांनी टेम्सच्या मुखाजवळ होलहेवनला क्वारंटाइन पाळायचे, असे आपल्याकडे पूर्वी कधी झाले नव्हते. हुकमात मुदत मात्र तीस दिवसांची! पेपिसला ही विसंगती खटकते. पण आता हा शब्द काळाचा राहिला नसून त्या कृतीचा झाला आहे, असे तोच नोंदवून ठेवतो. ही तीस दिवसांची चाळिशी १३७७ च्या महिन्याशी नेमकी जुळते, हा योगायोगच.

पेपिसच्या वाक्यात क्वारंटाइन जहाजे ‘पाळतात’; शब्द अजून नाम आहे. १९व्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजीत त्याचे क्रियापद झालेले दिसते, आणि कर्ता बदलतो: आता अधिकारी जहाजाला क्वारंटाइन करतो. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात डाव्या हातावर शिक्का मारून लोकांना घरी धाडले, तेव्हा मुदत चौदा दिवसांची होती.