दोष एकट्या आईचा नव्हे

जून 2016 मध्ये नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात एक मुलगी जन्मली. कातडी जाड, ठिकठिकाणी तडकलेली, पापण्या बाहेर उलटलेल्या. दोनच दिवस जगली. बातम्यांत नको ते शब्द आले. डॉक्टरांचं निदान होतं हार्लेक्विन इक्थिओसिस.

या आजाराची पहिली नोंद 1750 सालची, तीही डॉक्टरची नव्हे. अमेरिकेतल्या चार्ल्सटनचे धर्मोपदेशक ऑलिव्हर हार्ट यांनी असं बाळ पाहिलं आणि रोजनिशीत जसं दिसलं तसं लिहून ठेवलं. कारण कळायला मात्र 255 वर्षं लागली. कातडीच्या वरच्या थराला स्निग्धता पोचवणारं एबीसीए12 हे जनुक बिघडल्याने हे होतं, असं 2005 मध्ये सापडलं. बिघाड आईकडूनही यावा लागतो, वडिलांकडूनही. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत दुहेरी नोंद! दोघंही दिसायला धडधाकट. तरी आपल्याकडे ग्रहण नि खाणंपिणं आईच्याच माथी मारतात.

नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. दोघांकडेही हा बिघाड असला, तर त्या जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो. पहिल्या बाळाच्या जनुकातला बिघाड माहीत असला, तर पुढच्या खेपेस तिसऱ्या महिन्यात वारेचा कण तपासून कळतं. म्हणून बाळ हाती लागलं नाही तरी त्याच्या रक्ताचा नमुना घ्यायला सांगायचा, कितीही जिवावर आलं तरी.