अपास्तातून निघालेला लॉग

१६३१ साली सॅक्सन फौजा प्रागवर चालून आल्या तेव्हा ग्रेगुआर द सँ-व्हँसाँ हा जेसुइट गणिती व्हिएन्नाला निघून गेला. कित्येक वर्षांच्या कामाचे कागद मागेच राहिले. एका सहकाऱ्याने ते वाचवले, पण ग्रेगुआरच्या हाती परत यायला सुमारे दहा वर्षे लागली. १६४७ मध्ये अँटवर्पला त्याचा बाराशेहून अधिक पानांचा ग्रंथ निघाला. वर्तुळाएवढा चौरस काढून दाखवल्याचा त्यातला दावा चुकीचा होता. ख्रिस्तियान हायगेन्सने १६५१ मध्ये ती चूक उघड केली आणि ग्रंथाचा बोलबाला झाला तो त्या चुकीपायीच. खरा ऐवज होता अपास्तावरच्या भागात.

सतराव्या शतकाच्या मध्याला फर्मासारख्या गणितींनी वक्राखालचे क्षेत्रफळ काढायची रीत बसवली होती. घात एकने वाढवायचा आणि वाढलेल्या घाताने भागायचे. अडत होते ते एकट्या १/क्ष पाशी, म्हणजे अपास्तापाशीच. तिथला घात उणे एक. त्यात एक मिळवला की भागायला उरते शून्य.

ग्रेगुआरची वाट भूमितीची होती. १/क्ष च्या वक्राखाली १ ते २ हा पट्टा घ्या, मग २ ते ४ हा. दुसऱ्याची रुंदी दुप्पट, पण जोडीच्या प्रत्येक ठिकाणी उंची निम्मी. म्हणून क्षेत्रफळ तेवढेच. ४ ते ८ चेही तेवढेच. आज बारावीचा विद्यार्थी क्ष च्या जागी २य घालून हे दोन ओळींत सिद्ध करतो, त्याला सब्स्टिट्यूशन म्हणतो.

क्ष गुणाकाराने वाढतो आणि क्षेत्रफळ बेरजेने. हा तर लॉगचा स्वभाव! लॉगची नेपियरने केलेली कोष्टके १६१४ मध्येच आली होती, १६२४ मध्ये ब्रिग्जची. खगोलशास्त्रज्ञ त्यांच्या आधारे लांबलचक गुणाकार बेरजांवर उरकत होते. तरी हा संबंध खुद्द ग्रेगुआरने स्पष्ट मांडला नाही. तो १६४९ मध्ये दाखवला त्याच्याच पंथातल्या द सारासाने. आकडेमोडीचे साधन म्हणून जन्मलेला लॉग अशा रीतीने एका वक्राचे क्षेत्रफळ ठरला. तरुण न्यूटनने तर अपास्ताची क्षेत्रफळे पन्नासाहून अधिक दशांश स्थळांपर्यंत काढली.

१६७५ च्या ऑक्टोबरात लायब्निझने आपल्या टिपणात इंटिग्रलची लांब 'एस'सारखी खूण प्रथम वापरली. त्याच्या चिन्हपद्धतीत चल बदलणे अगदी सहज झाले. 'लॉग क्ष भागिले क्ष' हे इंटिग्रेशन घ्या. लॉग क्ष ला त म्हटले, की त मधला सूक्ष्म बदल म्हणजे क्ष मधला बदल भागिले क्ष. छेदातला क्ष त्यातच सामावतो, आत उरतो नुसता त, आणि उत्तर येते लॉग क्ष च्या वर्गाची निमपट. एके काळी घाताच्या रीतीला अडवणारा १/क्ष इथे तीच रीत पुन्हा चालू करून देतो.